प्रेस नोट

आमच्या नाशिकरोडला प्रेस म्हणजे एकच प्रेस.
बातम्या छापतात तो पेपर.
"पोरगा प्रेसला लागला" म्हटलं की
मुलीकडचे पुढचं काही विचारत नसत.

तेहतीस वर्षं मी तिथे नोटा तपासल्या.
छापायच्या नाहीत, मोजायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या.
रेघ तुटली का, शाई पसरली का,
आकडा शेजारच्या आकड्याला खेटला का.
चुकलेला ताव वेगळा. त्याची राख.
बायको म्हणायची, माझ्याकडेही तसंच बघता,
उजेडाला धरून.

आता कॅनडा कॉर्नरला, तिसऱ्या मजल्यावर,
ऋजुता मॅडमच्या पब्लिसिटीच्या ऑफिसात
अर्धा दिवस प्रुफं बघतो.
सातपूरच्या व्हॉल्व्हवाल्यांना पंचवीस वर्षं झाली,
ते पेपरात यायला हवं.
कागदाच्या डोक्यावर मी लिहिलं, इंग्रजीत, ठसठशीत:
प्रेस नोट.

मॅडमनी खोडलं.
"काका, नोट नाही, रिलीज. प्रेस रिलीज.
नोट आपल्याकडे सरकारी खात्यांत चालते,
हे कागद जर्मनीला जाणार. तिकडे कळायचं नाही."

तेहतीस वर्षांत माझं कुणी खोडलं नव्हतं.
म्हटलं, मॅडम, प्रेसमधून नोटच बाहेर पडते,
विचारा जेल रोडला कुणालाही.
त्या हसल्या. मीही हसलो. पण घरी जाऊन
जावयाने दिलेली जाड डिक्शनरी काढली,
भिंग लावलं.
नोट म्हणजे टिपण, चिठ्ठी, सूर, चलन.
रिलीज म्हणजे सोडणं.
हातातून, पिंजऱ्यातून, तुरुंगातून.

तुरुंग तर आमचा शेजारी.
नवखा रिक्षावाला दोन भिंतींत गफलत करायचा.
त्यांचीही झडती, आमचीही.
फरक एवढाच की आम्ही संध्याकाळी सुटायचो
आणि सकाळी आपल्या पायांनी परत.

गेटवर हात वर. खिसे, डबा, चपलेचा तळ.
बोराडे शिपायाला म्हणायचा,
"बघ रे नीट, माझंच काही हरवलंय, सापडलं तर दे."
कोट्यवधी त्याच्या बोटांखालून गेले
आणि वीस तारखेनंतर माझ्याकडे शंभर मागायचा.
रिटायर व्हायला चार महिने होते. पहिल्या पाळीत
टेबलावर डोकं टेकलं ते टेकलंच.
त्याच्या गालाखालचा ताव चुरगळला होता.
तो वेगळा काढावा लागतो.
मीच काढला.

माझ्या शेवटच्या दिवशी मी सवयीने हात वर केले.
शिपाई म्हणाला, राहू द्या काका, आज नको.
मला ते बरं नाही वाटलं. म्हटलं, बघ.
त्याने बघितलं. काही नव्हतं.
हा शब्द मला तेव्हा कुणी सांगायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हटलं, तुमचं बरोबर.
त्या तोवर पुढे गेल्या होत्या,
वरती कोपऱ्यात टाकत होत्या:
फॉर इमिजिएट रिलीज.
इमिजिएट!
मी स्पेलिंग तपासलं. दोन एम, बरोबर होतं.
बाकी काही बोललो नाही.

रविवारी बातमी आली. पान सहा, खाली, चार ओळी.
व्हॉल्व्हचं वाल झालेलं:
सातपूरच्या वाल कारखान्याला पंचवीस वर्षं.
जसं काही तिथे डाळिंब्या सोलतात.
मालकाच्या नावातला एक काना गायब.
एवढी चूक, आणि घरोघरी वाटून झालेली.
कुठला ताव वेगळा काढणार, कशाची राख करणार.

पेन्सिलीने गोल केला, तोही सवयीने.
मग पेपर खिडकीच्या उजेडाला धरला.
आत काही नव्हतं. नुसता कागद,
आणि त्याच्या पलीकडे चहा घेऊन उभी असलेली बायको,
थोडी पुसट.
"काय शोधताय?" म्हणाली.